दहापैकी नऊ

वाचकांचे प्रश्न आणि टिश्यू टायपिंगच्या, म्हणजे प्रत्यारोपणाआधी दोन माणसं जुळतात का ते तपासण्याच्या टेबलावरून उत्तरं

या महिन्यात अकरा पत्रं आली. त्यातल्या चारांना इथे उत्तर देते आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त लागली. ती मी संपादकांकडून मागून घेतली.

प्रश्न : ताई, माझी मुलगी १७ वर्षांची आहे. तिला ॲप्लास्टिक ॲनिमिया आहे, म्हणजे अंगात रक्त पुरेसं तयार होत नाही, आणि बोन मॅरो बदलायला सांगितलं आहे. तिचा सख्खा भाऊ २१ वर्षांचा. आम्हा चौघांची एचएलए तपासणी झाली. डॉक्टर आधी म्हणाले होते की सख्ख्या भावंडांत एकतर पूर्ण जुळतं, नाहीतर अर्धं, नाहीतर काहीच नाही. आमचं दहापैकी नऊ आलं. खाली ‘रिकॉम्बिनेशनची शक्यता’ एवढंच लिहिलंय. जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सख्खी भावंडं ना, मग असं कसं?” सासूबाई म्हणतात, मुलाच्या वेळी मी ग्रहणात बाहेर पडले होते. हे काहीच बोलत नाहीत आणि मला तेच जास्त लागतंय. माझं वय ४५. रिपोर्टची प्रत सोबत पाठवते आहे. – एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, आधी तुमच्या घरातल्या बोलण्याचं उत्तर देते, जनुकांचं नंतर.

तुमचा कागद मी पट्टी लावून दोनदा वाचला. एचएलए म्हणजे आपल्या पेशींच्या अंगावरच्या ओळखीच्या खुणा, प्रत्यारोपणाआधी त्याच जुळवून बघतात. पाच ओळी आहेत : ए, सी, बी, डीआर आणि डीक्यू. प्रत्येक ओळीत प्रत्येक माणसाचे दोन नंबर, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. तुमच्या यजमानांकडून मुलीला काय आलं ते बघा : ए-२४, सी-४, बी-३५, डीआर-११, डीक्यू-३. आता मुलाला काय आलं ते बघा. ए-२४, सी-४, बी-३५, डीआर-११, डीक्यू-३. पाचही तेच, त्याच क्रमाने. वडिलांचा अख्खा संच दोन्ही मुलांत जसाच्या तसा उतरलाय. ज्या माणसाच्या नात्याबद्दल कुजबुज चालली आहे, त्याच्या बाजूला या कागदावर एकही फरक नाही. हा परिच्छेद यजमानांना वाचून दाखवा. जाऊबाई समोर असतील तर आणखी चांगलं.

फरक आहे तो तुमच्याकडून आलेल्या संचात, आणि तिथेही परका नंबर एकही नाही. तुमच्याकडे ए-३३ आहे आणि ए-११ आहे. मुलीने ३३ घेतला, मुलाने ११. बाकीचे चार, म्हणजे सी-७, बी-४४, डीआर-७ आणि डीक्यू-२, दोघांनी तुमच्याकडून सारखेच घेतले. म्हणून दहापैकी नऊ.

हे कसं होतं ते सांगते. माझे वडील घोरपडीच्या यार्डात फिटर होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेले की शेजारशेजारच्या रुळांवर उभे असलेले दोन रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या दोन अख्ख्या रांगा, बघत बसायची. तुमच्या सहाव्या गुणसूत्राच्या दोन प्रती म्हणजे असे दोन रेक. एक तुमच्या आईकडून आलेला, एक वडिलांकडून. डब्यांचा क्रम दोन्हीत एकच, रंग मात्र वेगळे. टोकाला ए, मग बराच लांब पल्ला, मग सी आणि बी एकमेकांना चिकटून, पुन्हा लांब पल्ला, मग डीआर आणि डीक्यू. ए पासून डीक्यूपर्यंत डीएनएच्या साधारण २७ लाख अक्षरांचं अंतर आहे. त्यातली सुमारे १३ लाख एकट्या ए आणि सी यांच्यामध्ये आहेत. सी आणि बी यांच्यातलं अंतर लाखभरसुद्धा नाही.

बीजांड तयार होताना हे दोन रेक अगदी अंगाला अंग लावून उभे राहतात, एखाद्या ठिकाणी कपलिंग सुटतं आणि पुढचे डबे एकमेकांत बदलून पुन्हा जोडले जातात. यालाच रिकॉम्बिनेशन म्हणतात. प्रत्येक बीजांडात, प्रत्येक शुक्राणूत हे होतंच. ते झालं नाही तर गुणसूत्रं धड वाटली जात नाहीत. सगळ्या गुणसूत्रांवर मिळून बीजांडात सरासरी चाळीसच्या आसपास असे सांधे बदलतात, शुक्राणूत पंचवीस-सव्वीस. बायकांकडे हे प्रमाण जास्तच असतं. बहुतेक वेळा सांधा दुसरीकडे कुठेतरी बदलतो आणि एचएलएचा पट्टा अखंड राहतो, म्हणून डॉक्टरांचा ‘पूर्ण, अर्धं किंवा काहीच नाही’ हा हिशोब बहुतेक घरांत बरोबर येतो. पण ए ते डीआर या पट्ट्यात शंभरांतल्या एखाद-दोन बीजपेशींत सांधा बदलतो. तुमच्या घरात तो ए आणि सी यांच्यामध्ये बदलला. सर्वांत लांब अंतर तिथेच आहे, त्यामुळे त्यात नवल नाही.

बदललेला रेक मुलाकडे आहे की मुलीकडे? नुसत्या चौघांच्या कागदावरून ते ठरत नाही. माझा कयास मुलाकडे आहे, आणि त्याचं कारण लोकसमूहांशी निगडित आहे. ए-३३, बी-४४, डीआर-७ हे त्रिकूट भारतात इतक्या वेळा एकत्र दिसतं की टायपिंग करणाऱ्याला ते पाठ असतं. मुलीकडे तेच आहे. म्हणजे तुमच्या एका पालकाकडून तो अख्खा रेक आलेला असावा, आणि मुलाकडे त्याच रेकचं तोंड बदलून ए-११ लागलं असावं. पण कयास म्हणजे पुरावा नव्हे. तुमच्या आई-वडिलांपैकी कोणी असतील तर त्यांच्या रक्ताच्या एका नमुन्यावरून हे पक्कं होईल.

आता ग्रहण. बीजांडातली ही अदलाबदल कधी होते, हे पुष्कळ डॉक्टरांच्याही पटकन लक्षात येत नाही. मुलगी स्वतः आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या अंडाशयातल्या बीजांडांचे हे सांधे बदलून होतात. मग ती बीजांडं तशीच थांबून राहतात, वयात आल्यावर महिन्याला एक पुढे सरकते. म्हणजे तुमचा मुलगा ज्या बीजांडातून झाला, त्यातली ही अदलाबदल तुम्ही जन्माला येण्याच्या आधी, तुमच्या आईच्या उदरात, पंचेचाळीस वर्षांपूर्वी होऊन गेली. तुम्ही गरोदरपणी काय खाल्लंत, कुठे गेलात, आकाशात काय चाललं होतं, याने त्यात काहीही बदललेलं नाही. सासूबाईंना हे प्रेमाने सांगा. नात आजारी आहे आणि त्यांना धरायला काहीतरी कारण हवं आहे, एवढंच त्यामागे असावं.

तुमचं पत्र मला इतकं का लागलं ते सांगते. १९९४ साल असावं. तेव्हा आम्ही टेरासाकी ट्रेवर काम करायचो. बहात्तर इवल्याशा खळग्यांत सिरम, त्यात रुग्णाच्या पेशी, वर सशाचं काँप्लिमेंट (प्रतिद्रव्यं चिकटलेल्या पेशी मारणारी रक्तातली प्रथिनं), मग इओसिन हा रंग, आणि मायक्रोस्कोपखाली मेलेल्या पेशींचा स्कोअर : एक, दोन, चार, सहा, आठ. ते सिरम यायचं पुष्कळ बाळंतपणं झालेल्या बायकांकडून, कारण पोटातल्या बाळाच्या अंगावरच्या वडिलांच्या खुणांविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात. १९५८ मध्ये हॉलंडमध्ये योन फान रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांनी ते दाखवून दिलं, त्याच वर्षी फ्रान्समध्ये झां दोसे यांना पहिली एचएलए खूण सापडली. तर अशाच एका ट्रेवर किडनीसाठी आलेल्या दोन भावांत एकच नंबर वेगळा आला. मला रिकॉम्बिनेशन माहीत होतं. पण खात्री करायला तिसरं भावंड नव्हतं, म्हणून मी त्या नंबरापुढे पेनाने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद पुढे पाठवला. त्या मुलांचे वडील तो कागद घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. त्यांनी त्या प्रश्नचिन्हाचा काय अर्थ लावला असेल, हे मी आज तीस वर्षांनीही स्वतःला विचारते. त्यानंतर मी एकाही रिपोर्टवर तसं चिन्ह काढलं नाही. प्रत्येक वेळी दोन वाक्यं स्वच्छ मराठीत लिहिली, आणि माणूस समोर असेल तर बसवून सांगितली. तुमच्या रिपोर्टवर ती दोन वाक्यं नव्हती, म्हणून मी इथे दोन पानं लिहिते आहे.

उपचारांचा निर्णय तुमचे डॉक्टर घेतील, पण त्यांना चार गोष्टी विचारा. एक, ताज्या नमुन्यावर टायपिंग पुन्हा करा. प्रत्यारोपणाआधी तशी खातरजमा करायची पद्धतच आहे. दुसरी फार महत्त्वाची. मुलीला आजवर बरंच रक्त आणि प्लेटलेट्स चढवल्या असतील. त्यातून तिच्या अंगात ए-११ विरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झाली आहेत का, ते तपासा. तशी नसतील तर भावाचा मॅरो घ्यायचा विचार पुढे नेता येतो, असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त लागतो किंवा दुसरा दाता बघावा लागतो. तीन, त्याच वेळी रजिस्ट्रीत, म्हणजे नाव नोंदवलेल्या दात्यांच्या यादीत, शोध चालू ठेवा. आणि चार, घरच्यांनी मायेपोटी मुलीला स्वतःचं रक्त देऊ नका. ज्यांचा मॅरो पुढे लागू शकतो अशा नातेवाइकांचं रक्त प्रत्यारोपणाआधी टाळायचं असतं.

दहापैकी नऊ हा वाईट आकडा नाही, ताई. मी यापेक्षा कमी जुळणीवर घरी गेलेली मुलं बघितली आहेत.

प्रश्न : माझं वय २६. सकाळी उठल्यावर कंबर आखडते. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं. लग्न ठरलंय. हे मुलांत जाईल का, आणि मुलीकडच्यांना सांगावं का? – चिंचवड

उत्तर : बी-२७ हा रोग नाही. ती एक खूण आहे. मणक्याच्या अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस नावाच्या संधिवाताशी तिचं नातं १९७३ मध्ये उघड झालं, पण ही खूण असलेल्या बहुसंख्य लोकांना तो आजार आयुष्यभर होत नाही. तुम्हाला त्रास आहे म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा, लवकर जा, आणि व्यायाम सोडू नका. मुलाकडे ही खूण जाण्याची शक्यता निम्मी. गेली तरी आजार होईलच असं नाही. मुलीला सांगा. मुलीकडच्यांना नंतर, आधी तिला.

प्रश्न : मॅडम, मी टिळक रस्त्यावरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला आहे. बारावीत शिकलो की क्रॉसिंग ओव्हर गुणसूत्रावर कुठेही होतं. आता वाचतोय की ठरावीक ठिकाणीच होतं आणि ती ठिकाणं वेगवेगळ्या लोकसमूहांत वेगळी असतात. हे खरं आहे का? आणि यातून रोगप्रतिकाराची नवी जनुकं तयार होतात का?

उत्तर : दोन्ही खरं आहे. क्रॉसिंग ओव्हर म्हणजे पहिल्या पत्रातला सांधा बदलणंच, आणि हे पहिल्यांदा जिथे नीट दिसलं ती जागा म्हणजे आपलाच एचएलएचा पट्टा.

डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधणारे ॲलेक जेफ्रीज यांनी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये सहकाऱ्यांबरोबर एक फार कष्टाचं काम केलं. कुटुंबांत रिकॉम्बिनेशन मोजायचं तर हजारो मुलं लागतील. म्हणून त्यांनी शुक्राणू घेतले, एका पुरुषाच्या नमुन्यात ते कोट्यवधी मिळतात. एचएलएच्या दुसऱ्या वर्गातल्या (डीआर, डीक्यू ज्यात येतात त्या भागातल्या) सुमारे दोन लाख सोळा हजार अक्षरांच्या एका तुकड्यात कुठे कुठे सांधे बदललेत ते त्यांनी शोधलं. २००१ मध्ये निकाल आला. सांधे विखुरलेले नव्हते. जवळजवळ सगळे सहा छोट्या जागांत गोळा झालेले, प्रत्येक जागा हजार-दोन हजार अक्षरांची, आणि मधले लांबलचक पट्टे शांत. वरच्या पत्रात मी कपलिंग म्हटलं ते याचसाठी. यार्डात डबा मधोमध कापत नाहीत, ठरलेल्या जागीच सोडवतात.

या जागा कोण ठरवतं, ते २०१० मध्ये कळलं. पाचव्या गुणसूत्रावर पीआरडीएम९ नावाचं जनुक आहे. त्याचं प्रथिन झिंकची बोटं असलेल्या हातासारखं डीएनएवर विशिष्ट अक्षरक्रम शोधत जातं, तिथे बसतं आणि शेजारच्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर, खूण करतं. मग एसपीओ११ हे एन्झाइम तिथे डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. तुटलेलं जोडायला पेशी जोडीदार गुणसूत्राचा आधार घेते, आणि त्या जोडण्यातच कधी अख्खं टोक बदलतं, कधी शेजारच्याचा छोटासा तुकडा नक्कल होऊन इकडे येतो.

लोकसमूहांचा प्रश्न इथे येतो. या हाताची बोटं सगळ्या माणसांत सारखी नाहीत. युरोपीय वंशाच्या लोकांत पीआरडीएम९चा ए हा प्रकार (एचएलए-ए शी याचा संबंध नाही) बहुतेकांकडे आढळतो, आफ्रिकेत तो जवळपास निम्म्या प्रतींत, आणि उरलेल्यांत सी सारखे वेगळी अक्षरं ओळखणारे प्रकार बरेच. २०११ मध्ये सुमारे तीस हजार आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या जनुकांवरून नकाशा काढला गेला. त्यात पश्चिम आफ्रिकी वारशाच्या लोकांत चालू असलेल्या जवळपास अडीच हजार अशा जागा सापडल्या, ज्या युरोपीय लोकांत जवळजवळ बंद आहेत. यार्ड तेच, रूळ तेच, पण दुसऱ्या फिटरच्या हातात दुसरा पाना. मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. सहाव्या गुणसूत्रावरचा सांधा कुठे बदलायचा, ते पाचव्यावरचं एक जनुक ठरवतं, आणि ते जनुकही पिढ्यांबरोबर बदलत असतं.

आता नवी जनुकं. एचएलएच्या रेणूला वरच्या बाजूला एक खोबण असते. १९८७ मध्ये हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी ए-२ या प्रकाराची स्फटिकरचना उलगडली तेव्हा ती पहिल्यांदा डोळ्यांना दिसली. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे, जंतू असेल तर त्याच्याही प्रथिनांचे बारीक तुकडे त्या खोबणीत धरून पेशी ते बाहेर दाखवते, आणि टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, ते तपासतात. कोणता तुकडा खोबणीत बसेल, हे तिच्या तळावरच्या आणि कडांवरच्या मोजक्या अमिनो आम्लांवर ठरतं. म्हणजे खोबणीची एक कड बदलली तरी वेगळा तुकडा धरता येतो. नवा प्रकार होण्यासाठी पहिल्यापासून काही घडवायला नको, शेजारच्या प्रकारातला एक तुकडा इकडे आला की पुरे. ही अदलाबदल अख्ख्या डब्याची नव्हे, आतल्या दोन-चार बाकांची.

अंदाजाची गोष्ट नाही ही. १९९५ मध्ये शुक्राणूंतच डीपीबी१ या आणखी एका एचएलए जनुकाचे असे ताजे प्रकार मोजले गेले, साधारण दहा हजारांत एक. आणि त्याआधी, १९९२ मध्ये, दक्षिण अमेरिकेतून आलेलं काम तर मी त्या काळी छापील प्रत हातात धरून दोन रात्री वाचलं होतं. ब्राझीलमधले काइंगांग आणि ग्वारानी, इक्वेडोरमधले वाओरानी. या लोकांचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी आशियातून बेरिंग सामुद्रधुनीच्या बाजूने अमेरिकेत मोजक्या संख्येने गेले, त्यामुळे त्यांच्याकडे एचएलए प्रकार मुळात कमीच पोहोचले. ए आणि सी जनुकांत त्यांच्याकडे बहुतांशी तेच जुने, आशियातल्या लोकांशी जुळणारे प्रकार आहेत. बी जनुकात मात्र जगात इतरत्र न आढळलेले प्रकार निघाले, आणि अक्षरं लावून बघितली तर ते जुन्याच दोन बी प्रकारांचे तुकडे जोडून झालेले. नव्या अरण्यात, नव्या जंतूंसमोर, मोजक्या भांडवलावर त्या लोकांच्या बीजपेशींनी जे केलं, ते डोळ्यांसमोर आणून बघ. एचएलएचे नोंदवलेले प्रकार आज ४० हजारांच्या पुढे गेलेत. त्यांतले कितीतरी असेच बाक बदलून झालेले आहेत.

एक सुचवते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जेलवर बघायला मिळेल एवढ्यावर थांबू नकोस. एचएलएच्या अक्षरक्रमांचा जागतिक संग्रह सगळ्यांना खुला आहे. बी-३५ चे दहा-बारा प्रकार एकाखाली एक लावून रात्री शांतपणे वाच. ठिगळं दिसायला लागतील.

प्रश्न : मी ७८ वर्षांचा, सदाशिव पेठेत राहतो. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोटजातीतच लग्नं झाली. नातवाने परजातीतली मुलगी केली तेव्हा मी बराच नाराज होतो. माझे दोन प्रश्न. आपल्यातच लग्नं केल्याने जुळणारा दाता लवकर मिळतो, हे खरं का? आणि त्याने प्रतिकारशक्ती कमी होते असंही कोणी म्हणालं, ते खरं का?

उत्तर : आजोबा, तुम्ही नाराजीसकट प्रश्न विचारलात, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते.

आपल्याच पुण्यात, डेक्कन कॉलेजात, इरावती कर्वे यांनी कैलास मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या, आपापसात लग्न करणाऱ्या आठ गटांची शरीरमापं आणि रक्तगट तपासले. १९६८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बाहेरून एक वाटणारे हे गट एकमेकांपासून वेगळे निघाले. एकाच झाडाच्या फांद्या म्हणून त्यांच्याकडे बघता येत नाही, हा इरावतीबाईंचा मुद्दा होता. पुढे २०१३ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी जनुकांवरून दाखवलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात सगळीकडे मिसळण झाली आणि आपापसातच लग्न करायची पक्की रीत त्यानंतरची. तुमच्या पोटजातीच्या पाठीशी पिढ्या आहेत, पण त्यांच्याही आधी मिसळणाऱ्या पिढ्या आहेत.

दात्याचं म्हणाल, तर तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, अर्धवट. एकाच गटात काही रेक पुन्हा पुन्हा दिसतात, त्यामुळे तसाच रेक असलेला माणूस त्या गटात सापडायची शक्यता वाढते. पण रेकला जात कळत नाही. वर ज्याचा उल्लेख केला तो ए-३३, बी-४४, डीआर-७ भारतात अनेक समाजांत आहे. तिकडे जपान आणि कोरियात ए-३३, बी-४४ एकत्र दिसतात, पण त्यांच्यामागे डीआर-१३ असतो, आणि मधला सी-सुद्धा वेगळा. दुसरं उदाहरण बी-८ चं. उत्तर युरोपात बी-८ आणि डीआर-३ यांच्याबरोबर ए-१ येतो, आपल्याकडे मुख्यतः ए-२६. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी हा भारतीय रेक वर्षानुवर्षं अभ्यासला. म्हणून परदेशातली रजिस्ट्री कितीही मोठी असली तरी आपल्या रुग्णाचा जोडीदार तिथे सहज मिळत नाही. तो इथल्याच माणसांत शोधावा लागतो, आणि इथले फार थोडे लोक नाव नोंदवतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या पत्रातल्या यार्डात आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झाली की एखाद्याच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी एकच रेक येतो, दोन्ही एकाच रंगाचे. अशा माणसाच्या बीजपेशीत सांधा सुटतो, डबे बदलतात, सगळं नियमाप्रमाणे होतं, पण हाती तोच रेक राहतो. नवं काही घडत नाही. शिवाय त्या माणसाच्या पेशींना जंतूचे तुकडे दाखवायला खोबणींचे प्रकार कमी पडतात. एचआयव्हीच्या रुग्णांत हे १९९९ मध्ये दिसून आलं : ज्यांच्याकडे ए, बी, सी जनुकांच्या जोड्या सारख्या होत्या, त्यांना एड्स लवकर झाला. याचा अर्थ तुमच्या घरातले सगळे दुबळे, असा अजिबात नाही. एका माणसाची प्रतिकारशक्ती आणखी कितीतरी गोष्टींवर उभी असते. पण नातवाच्या मुलांच्या बीजपेशींत दोन रंगांचे रेक शेजारी उभे असण्याची शक्यता जास्त, एवढं मात्र मी तुम्हाला सांगते.

आणि एक काम तुमच्यासाठी. नातवाला आणि नातसुनेला दोघांनाही दाता म्हणून नाव नोंदवायला सांगा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, पाच मिनिटं लागतात, दुखत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या त्या मुलीसारखी कितीतरी मुलं रजिस्ट्रीत नाव निघायची वाट बघत असतात.